मॅकमधल्या विंडोजची दारं बंद करताना

मी अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी करतो. रोजचं काम मॅकवर, इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये चालतं, पण मराठी पुस्तकांच्या धंद्यात विंडोजला कायमचा रामराम ठोकता येत नाही. १९९० आणि २००० च्या दशकांतली ढीगभर पुस्तकं पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, श्रीलिपीच्या किंवा आयएसएमच्या फॉन्टांत बसवलेली आहेत. ते फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांच्या, आधीचे. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर त्यांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: एका जागी काना, एका जागी अर्धा त, एका जागी रफार. तो फॉन्ट आणि तो प्रोग्रॅम हाताशी नसेल तर पडद्यावर नुसता चिन्हांचा काला दिसतो. पुनर्मुद्रणाची वेळ आली की प्रकाशक जुनी सीडी नाहीतर पेनड्राइव्ह आणून देतात. कित्येकदा लेखक हयात नसतात, हस्तलिखित केव्हाच गहाळ झालेलं असतं, छापील प्रतीला वाळवी लागलेली असते. अशा वेळी त्या पुस्तकाची ती फाइल म्हणजे सर्वस्व. त्यामुळे या फाइली उघडणारं विंडोज मला जपावं लागतं, आणि त्या विंडोजपासून बाकीचं सगळंही जपावं लागतं.

त्यासाठी मी २०२० चा इंटेल प्रोसेसरवाला २७ इंची आयमॅक मुद्दाम ठेवला आहे. ॲपलच्या स्वतःच्या एम१ आणि त्यानंतरच्या प्रोसेसरवाल्या मॅकवर विंडोज ११ ची त्या जातीच्या प्रोसेसरसाठीची एआरएम आवृत्ती व्यवस्थित चालते. इंटेलसाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅमही ती चालवून घेते. अडतं ते जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या यूएसबी लॉकपाशी, म्हणजे जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही त्या किल्लीपाशी. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि इंटेलसाठी लिहिलेला ड्रायव्हर एआरएम विंडोज घेत नाही. इंटेल मॅकवर ही अडचण येत नाही. पॅरलल्स डेस्कटॉप या मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विंडोज ७ बसवलं, लॉक लावलं, जुन्या फाइली उघडल्या. टॅली आणि प्रकाशकांकडून येणाऱ्या वर्ड फाइलींसाठी विंडोज ११ चं वेगळं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, केलं.

हे सगळं नीट बंदिस्त करायचं मनावर घेतलं ते ओळखीच्या एका छापखान्यात घडलेल्या प्रकारानंतर. तिथल्या मुलाने एका सॉफ्टवेअरचं क्रॅक, म्हणजे ते पैसे न देता चालवायची चोरटी सोय, उतरवलं होतं. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती, अँटीव्हायरस बंद करा. तासाभरात सगळ्या फाइलींच्या नावांपुढे चार नवी अक्षरं लागली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी पडली: किल्लीची किंमत ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. हे स्टॉप नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. क्रॅक आणि की-जनरेटरच्या वाटेनेच ते पसरतं. त्याच्या जुन्या बऱ्याच प्रकारांवर एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये मोफत उतारा दिला होता, पण या फाइली नंतरच्या प्रकाराने बांधलेल्या होत्या. दिवाळी अंकांची वर्षानुवर्षांची मांडणी गेली. मी तो संगणक स्वतः पाहिला आहे. अनुक्रमणिकेतली लेखकांची नावं तोंडपाठ असलेला माणूस आपल्याच फाइलींकडे हतबल होऊन बघत बसलेला पाहणं फार वाईट असतं.

अनेकांचा समज असा असतो की विंडोज मॅकच्या पोटात चालतंय म्हणजे जे काही व्हायचं ते पोटातच होईल. हे कितपत खरं आहे ते आधी तपासायचं ठरवलं. मॅकच्या डॉक्युमेंट्समध्ये 'चाचणी' नावाचा फोल्डर केला आणि त्यात काही रिकाम्या, बिनकामाच्या फाइली ठेवल्या. फाइंडरची खिडकी डाव्या बाजूला उघडी ठेवली, उजवीकडे विंडोज ११. पॅरलल्सने मॅकचा होम फोल्डर विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणून लावून दिलेला होताच, विंडोजचं डॉक्युमेंट्स म्हणजेही मॅकचंच डॉक्युमेंट्स होतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरपर्यंत गेलो आणि सगळ्या फाइलींचं एक्स्टेन्शन बदलायची एका ओळीची आज्ञा दिली. एंटर दाबताक्षणी डाव्या बाजूला, मॅकच्या फाइंडरमध्ये, सगळ्या नावांची शेपटं बदलली. पासवर्ड नाही, इशारा नाही, विचारणा नाही.

रॅन्समवेअर यापेक्षा वेगळं काही करत नाही. ते विंडोजमधल्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं आणि त्या वापरकर्त्याला जे जे लिहिता येतं ते सगळं त्यालाही लिहिता येतं. इथे मॅकचे गेटकीपर, एक्सप्रोटेक्ट हे अंगभूत रखवालदार मदतीला येत नाहीत, कारण मॅकच्या दृष्टीने या फाइली पॅरलल्सने बदलल्या आणि पॅरलल्स तर आपणच बसवलेला विश्वासू प्रोग्रॅम. व्हर्च्युअल मशीनची भिंत पक्की असते, पण सोयीसाठी त्या भिंतीला दारं पाडून दिलेली असतात आणि ती सताड उघडी असतात. फोल्डर, क्लिपबोर्ड, पेनड्राइव्ह, नेटवर्क: एकेक दार बघत गेलो.

फोल्डरांपासून सुरुवात केली. पॅरलल्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये शेअरिंगचं पान आहे. मॅकचे फोल्डर विंडोजला दाखवायचे का, तिथे 'काहीच नाही' निवडलं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स दोन्हीकडे एकच ठेवणारी मिररची सोय बंद केली. विंडोजच्या ड्राइव्ह मॅकवर दिसणं बंद केलं. मॅकचे प्रोग्रॅम विंडोजच्या 'ओपन विथ'मध्ये येणंही बंद केलं. सिक्युरिटीच्या पानावर विंडोजला मॅकपासून पूर्ण तोडणारं एकच बटणही आहे. ज्यांना विंडोजमध्ये फक्त एखादा प्रोग्रॅम उघडून बघायचा असतो त्यांनी सरळ तेच वापरावं. मला फाइलींची ने-आण करावीच लागते म्हणून ते वापरता आलं नाही.

त्याऐवजी कस्टम फोल्डरची सोय वापरली. दोन फोल्डर केले, 'आत' आणि 'बाहेर'. 'आत' हा विंडोजसाठी फक्त वाचण्यापुरता. प्रकाशकाची मूळ फाइल त्यात ठेवायची, विंडोज ती उघडू शकतं, बदलू किंवा पुसू शकत नाही. 'बाहेर'मध्ये विंडोजला लिहिता येतं, पण त्यात कायमचं काहीही राहू द्यायचं नाही. रूपांतर केलेला मजकूर तिथे आला की मॅकवरून उचलायचा आणि फोल्डर रिकामा करायचा. 'बाहेर'मधून फक्त साधा टेक्स्ट, आरटीएफ आणि पीडीएफ उचलायची हा माझा नियम. बाकी काही दिसलं तर ते तिथेच मरू द्यायचं. पेजमेकरची फाइल बाहेर आणायची वेळच येत नाही, कारण तिची मूळ प्रत मॅकवर आधीपासून असतेच.

हे झाल्यावर नावं बदलायची तीच चाचणी परत केली. होम फोल्डरचा ड्राइव्ह सापडलाच नाही. 'आत'वर तीच आज्ञा दिली तर विंडोजने प्रवेश नाकारल्याचं सांगितलं. माझ्या मते हे काम करणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करावी. सेटिंगवर टिकमार्क दिसणं आणि दार खरंच बंद असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

क्लिपबोर्डकडे सहसा कोणी बघत नाही. तो सामायिक असेल तर मॅकवर कॉपी केलेला मजकूर विंडोजलाही मिळतो. बँकेचा पासवर्ड मॅकवर कॉपी केला आणि विंडोजच्या खिडकीत गेलो, की तो तिथे चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला वाचता येतो. विंडोजमध्ये क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर शेवटच्या २५ गोष्टी तो लक्षात ठेवतो, आणि सिंक चालू असेल तर त्या दुसऱ्या संगणकांवरही जातात. विंडोज ७ च्या मशीनमध्ये सामायिक क्लिपबोर्ड पूर्ण बंद केला. विंडोज ११ मध्ये एकेक परिच्छेद इकडून तिकडे न्यावा लागतो, म्हणून तिथे चालू ठेवला, पण इतिहास आणि सिंक दोन्ही बंद. बँकेची कामं चालू असताना ते मशीन बंद असतं.

पेनड्राइव्ह हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात धोक्याचं दार. एकच पेनड्राइव्ह लेखकाकडून टायपिंगवाल्याकडे, तिथून प्रूफ वाचणाऱ्याकडे, मग छापखान्यात आणि मग माझ्याकडे येतो. शॉर्टकट व्हायरस माहीत नाही असा डीटीपीवाला महाराष्ट्रात सापडायचा नाही. पॅरलल्स नवीन यूएसबी दिसलं की विचारतं, मॅकला जोडू की विंडोजला? तिथे कायमचं उत्तर 'मॅक' असं ठरवून टाकलं. विंडोज ७ ला फक्त लॉक जोडलं जातं, तेही नावानिशी नेमून दिलेलं.

यामुळे काय फरक पडतो ते लवकरच दिसलं. एका जुन्या कादंबरीच्या फाइली घेऊन पेनड्राइव्ह आला. फाइंडरमध्ये उघडला तर प्रकरणांच्या नावांचे फोल्डर दिसतायत असं वाटलं, पण प्रत्येकाच्या मागे एलएनके हे शेपूट आणि आकार जेमतेम एक-दोन केबी. कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम एकत्र दाबले की फाइंडर लपवलेल्या गोष्टी दाखवतो. ते केल्यावर आणखी एक फोल्डर वर आला, त्याला नावच नव्हतं. नाव होतं, पण ते एका न दिसणाऱ्या जागेच्या अक्षराचं. खरी प्रकरणं सगळी त्यात होती. व्हायरसची युक्ती अशी की मूळ फाइली त्या बिननावाच्या फोल्डरमध्ये लपवायच्या आणि बाहेर त्यांच्याच नावांचे शॉर्टकट मांडायचे. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो. माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. विंडोजवर हे डोळ्यांना कळत नाही, कारण शॉर्टकटचं एलएनके हे शेपूट विंडोज एरवी दाखवतच नाही. मॅकवर ती फाइल निर्जीव असते. फक्त पेजमेकरच्या फाइली आणि चित्रं उचलून 'आत'मध्ये ठेवली आणि पेनड्राइव्ह मॅकवरच फॉरमॅट करून, काय झालं ते सांगून परत दिला. पेनड्राइव्ह एनटीएफएस असेल तर मॅक तो फक्त वाचतो, त्यावर लिहीत नाही. इतर वेळी हे गैरसोयीचं वाटतं, या कामात फायद्याचं आहे. तो पुसायचा असेल तेव्हा डिस्क युटिलिटीतून नव्याने फॉरमॅट करावा लागतो.

मग नेटवर्क. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला संपवला. त्यानंतर सापडलेली भोकं त्यात तशीच आहेत. ते इंटरनेटवर जाऊ देणं म्हणजे हाताने संकट ओढवून घेणं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर नेटवर्कवरून पसरलं तेव्हा त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ज्या संगणकांवर ती बसवलेली नव्हती ते सापडले, आणि त्यांत विंडोज ७ चे फार होते. त्या मशीनचं नेटवर्क कार्ड कॉन्फिगरेशनमधून काढूनच टाकलं. नुसतं वायफाय बंद केल्यावर कोणीतरी ते पुन्हा चालू करू शकतं. कार्डच नसेल तर प्रश्न मिटतो. फॉन्ट आणि लॉक नेटशिवाय उत्तम चालतात.

विंडोज ११ ला नेट लागतं. तिथे ब्रिज्ड नेटवर्क न ठेवता शेअर्ड ठेवलं. ब्रिज्डमध्ये ते मशीन ऑफिसच्या राउटरवर वेगळा संगणक म्हणून उभं राहतं आणि शेजारच्या प्रत्येक संगणकाला ते गाठता येतं. शेअर्डमध्ये ते मॅकच्या आडोशाला असतं, बाहेरून थेट कोणी पोचत नाही. पण आतून बाहेर जायला मोकळीक असते, हे विसरून चालत नाही. ऑफिसातला सामायिक स्टोरेजचा डबा विंडोजला दिसत होता. त्याचा पासवर्ड विंडोजमध्ये साठवलेला नाही याची खात्री केली. शिवाय शेअर्ड नेटवर्कमध्ये खुद्द मॅकही विंडोजला दिसतो, पॅरलल्सच्या मूळ मांडणीत त्याचा पत्ता १०.२११.५५.२ असतो. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये तो पत्ता टाकला तर मॅकने नाव आणि पासवर्ड विचारला, म्हणजे मॅकवर फाइल शेअरिंग चालू होतं. ते बंद केलं, स्क्रीन शेअरिंग आणि रिमोट लॉगिनही बंद केलं, मॅकची फायरवॉल चालू केली. नंतर तोच पत्ता टाकल्यावर विंडोजला काही सापडलं नाही.

आता विंडोज ११ च्या आतलं. रोजच्या कामासाठी साधं खातं, ॲडमिनचं वेगळं. काहीही बसवायचं तर पासवर्ड टाकावा लागतो आणि तेवढ्या वेळात माणूस एकदा विचार करतो. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, पुरेसा चांगला आहे, वर दुसरा अँटीव्हायरस घातला नाही. डिफेंडर कोणाला परस्पर बंद करू न देणारं टॅम्पर प्रोटेक्शन आणि संशयास्पद डाउनलोड अडवणारं स्मार्टस्क्रीन चालू ठेवलं. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस ही रॅन्समवेअरविरुद्धची सोय मुळात बंद असते, ती चालू केली. ती सुरुवातीला जुन्या प्रोग्रॅमांनाही अडवते, त्यांना एकेक करून परवानगी द्यावी लागते. कंटाळवाणं आहे, पण करावं. डिफेंडर जागा आहे का ते बघायला आयकारची चाचणी फाइल वापरली. ६८ अक्षरांची ही निरुपद्रवी ओळ सगळे अँटीव्हायरस मुद्दाम व्हायरस म्हणून धरतात. विंडोजमध्ये सेव्ह करताच डिफेंडरने ती उचलली. तीच फाइल मॅकवर ठेवली तर मॅकने हूं की चूं केलं नाही. विंडोजचा मजकूर तपासायचं काम विंडोजलाच करावं लागतं, हे मला त्यातून पुरतं पटलं.

वर्ड फाइलींचं एक सांगायला हवं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो, म्हणजे फाइलीतच दडलेले छोटे प्रोग्रॅम, २०२२ पासून ऑफिस आपणहून अडवतं. पण त्यासाठी फाइलीवर 'ही बाहेरून आली' अशी खूण असावी लागते. मॅकवर उतरवलेली फाइल सामायिक फोल्डरमधून विंडोजमध्ये नेली की ती खूण सोबत जातेच असं नाही. म्हणून लेखकांकडून आलेल्या वर्ड फाइली मी मॅकवरच उघडतो, मॅक्रो नसलेल्या साध्या डॉकएक्स स्वरूपात पुन्हा सेव्ह करतो, आणि गरज असेल तरच पुढे पाठवतो.

भिंतीलाच भोक पडलं तर? तशी उदाहरणं आहेत. एप्रिल २०२१ च्या पॉन२ओन या सॉफ्टवेअरमधले दोष शोधायच्या स्पर्धेत जॅक डेट्स या संशोधकाने तीन दोष एकत्र जोडून पॅरलल्सच्या मशीनमधून बाहेर, थेट खालच्या मॅकपर्यंत मजल मारली आणि ४० हजार डॉलरचं बक्षीस मिळवलं. असे दोष कंपनीला कळवले जातात आणि दुरुस्त होतात. आपल्या हातात एवढंच की पॅरलल्स आणि मॅकओएस दोन्ही अद्ययावत ठेवायचे. एरवी नवी आवृत्ती आली की चार दिवस थांबणाऱ्यांतला मी आहे, पण सुरक्षेची दुरुस्ती आली की थांबत नाही.

स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जशीच्या तशी जपलेली स्थिती, ही व्हर्च्युअल मशीनची खरी ताकद. विंडोज ७ मध्ये फॉन्ट, पेजमेकर, लॉकचा ड्रायव्हर एवढंच बसवून एक स्वच्छ स्नॅपशॉट घेतला. प्रत्येक पुस्तकाचं काम संपलं की परत त्यावर जातो. मधल्या काळात आत काहीही शिरलं असेल तरी ते उरत नाही. विंडोज ११ ला मात्र हे जपून करावं लागतं. जुन्या स्नॅपशॉटवर गेलं की जुनी भोकंही परत येतात, म्हणून तिथे मागे गेलो की पहिलं काम विंडोज अपडेटचं. आणि स्नॅपशॉटला बॅकअप समजू नये. ते त्याच डिस्कवर, त्याच फाइलीच्या पोटात असतात. डिस्क गेली की सगळं एकदम जातं. टाइम मशीन या मॅकच्या बॅकअपमधून ही मशीन वगळली आहेत, कारण विंडोज थोडं चाललं तरी मोठमोठ्या फाइली बदलल्या असं धरून ते सगळं पुन्हा कॉपी करत बसतं. त्याऐवजी मशीन पूर्ण बंद करून संपूर्ण फाइल बाहेरच्या एसएसडीवर घेतो आणि एसएसडी काढून कपाटात ठेवतो. जोडलेला बॅकअप रॅन्समवेअरला सापडतो.

मशीन सस्पेंड केलं की त्याची सगळी मेमरी मॅकच्या डिस्कवर लिहिली जाते, त्या क्षणी उघडं असलेलं सगळं त्यात येतं. म्हणून मॅकवर फाइलव्हॉल्ट, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू हवंच. २०२० च्या आयमॅकमध्ये टी२ ही ॲपलची सुरक्षा चिप असल्याने डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असतेच, पण फाइलव्हॉल्ट लावल्याशिवाय तिची किल्ली आपल्या पासवर्डला बांधली जात नाही. विंडोज ११ मध्ये बिटलॉकर हे विंडोजचं तसंच कुलूप लावत असाल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. मशीन दुसऱ्या मॅकवर हलवल्यावर ती हमखास मागितली जाऊ शकते.

आता घाई आहे ती वेगळी. ॲपलने जाहीर केलं आहे की मॅकओएस २६ टाहो ही इंटेल मॅकला मिळणारी शेवटची आवृत्ती. तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबायच्या आत विंडोज ७ मधलं सगळं युनिकोडमध्ये आणायचं आहे. ज्या पुस्तकांची छापील प्रतही मिळत नाही ती आधी घेतली आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार कुठे कुठे सरकतात, त्यामुळे प्रत्येक पान मूळ पीडीएफशी ताडून वाचावं लागतं. एका कवितासंग्रहाचं हे वाचन चालू आहे. त्यानंतर एका छोट्या प्रकाशनाची बालनाट्यं. ज्या प्रकाशकांकडे अशा सीड्या पडून असतील त्यांनी त्या आत्ताच वाचून बघाव्यात, कारण जुन्या सीड्यांचा थर सुटायला लागला आहे, आणि शक्य असेल तर मूळ फाइलींसोबत त्या काळी घेतलेले फॉन्टही शोधून ठेवावेत.